एकाच कुळाचे बीज खाडीत न सोडण्याबाबत

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय अधिकारी,
किनारा विभाग कार्यालय, दुसरा मजला.

विषय : अर्जदाराने स्वतः तयार केलेले शिंपल्यांचे बीज कार्यालयाने यंदा खाड्यांत सोडू नये, व त्याऐवजी दुसऱ्या केंद्राकडूनही घेऊ नये, याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचा पुरवठा आदेश. २) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. ३) त्यांपैकी दोहोंना आलेली उत्तरे.

महोदय,

बंदराच्या दक्षिण टोकाला शिंपल्यांचे जे बीजकेंद्र आहे, त्याचा चालक म्हणजे प्रस्तुत अर्जदार, उपरोक्त विषयी आपल्यासमोर चौथ्यांदा येत आहे. अर्जदाराचे डोके ठिकाणावर नाही असे प्रथमदर्शनी वाटण्याचा संभव आहे. आवक विभागातील बाईंनाही तसेच वाटले. मागचा अर्ज हाती घेताना त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "लोक इथे माल घ्या म्हणून खेटे घालतात. तुम्ही घेऊ नका म्हणून घालताय." अर्जदार त्या वेळी पोच घेऊन जिना उतरला. परंतु त्यांचे म्हणणे रास्त होते, आणि त्याचे उत्तर द्यायचे तर सर्व हकिगत मुळापासून सांगणे भाग आहे. म्हणून हा अर्ज लांबला आहे. क्षमा असावी.

साहेबांना विदित आहेच की, गेल्या दोन उन्हाळ्यांत पाणी तापल्यामुळे चारही खाड्यांतील शिंपले मोठ्या प्रमाणावर मेले. ओहोटीला चिखलात उघडे पडलेले शिंपले, आणि त्यांचा तो वास, हे सर्व आपल्या पाहणीत आलेले आहे. त्यानंतर कार्यालयाने केंद्रात वाढवलेले बीज खाड्यांत सोडण्याची योजना आखली आणि पुरवठ्याचा आदेश अर्जदाराच्या नावे निघाला. तो दिवस अर्जदाराच्या घरी आनंदाचा होता हे लपवण्याचे कारण नाही. वडिलांनी दोन फुटक्या टाक्यांवर सुरू केलेले हे केंद्र. अर्जदाराने ते अंगाखांद्यावर वाढवले, आणि त्याचे बीज आता चार खाड्यांत रुजणार. अर्जदार त्या आठवड्यात रस्त्याने चालताना जरा छाती पुढे काढून चालत असे, असे त्याच्या पत्नीचे म्हणणे आहे.

त्याच भरात अर्जदाराने धाकट्या बहिणीला निरोप धाडला. ती समुद्रसंशोधन संस्थेत जीवशास्त्रज्ञ आहे आणि शिंपल्यांची कुळे तपासणे हेच तिचे काम. अर्जदाराला तिच्याकडून एक चांगलासा दाखला हवा होता, काचेत घालून भिंतीवर लावता येईल असा. ती म्हणाली, "दादा, मी तपासते, पण जे निघेल तेच लिहीन." अर्जदार म्हणाला, "मग दुसरं काय लिहिणार आहेस?" आणि दोघेही हसले.

तिने टाक्यांतील शिंपल्यांच्या मांसाचे नखाएवढे तुकडे घेतले, आणि खाड्यांत वाचलेल्या शिंपल्यांचेही घेतले. तपासणी कशी होते हे अर्जदाराला जसे समजले तसे मांडतो; चूक असल्यास ती अर्जदाराची समजावी, बहिणीची नव्हे. शिंपल्याच्या प्रत्येक पेशीत आनुवंशिकतेचा लांबच लांब मजकूर असतो. त्यात काही ठरावीक जागी तीच दोन-तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, बोलताना अडखळणाऱ्या माणसाच्या तोंडून एकच शब्द येत राहावा तशी. एकात ती दहादा येतात, दुसऱ्यात पंधरादा. जागा तीच, पण अडखळणे घराण्यागणिक वेगळे. यांस जनुकीय खुणा म्हणतात. एका जागी प्रत्येक शिंपल्यात दोन खुणा, एक आईकडून आलेली व एक बापाकडून. पुष्कळ शिंपल्यांच्या खुणा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की कोण कोणाचे भावंड, आणि एका वस्तीत किती घराणी नांदतात, हे कळते.

बहीण निकाल घेऊन आली ती थेट स्वयंपाकघरात. कागदावरच्या आलेखाचे सुळके अर्जदाराला उमगेनात, तेव्हा तिने वहिनीचा शिवणाचा डबा मागितला आणि टेबलावर बटणे मांडली. प्रत्येक रंग म्हणजे एक खूण. पूर्वेच्या खाडीची म्हणून जी मांडली त्यांत लाल, निळी, शिंपल्याची, लाकडाची, पितळी, काही अर्जदाराने त्या डब्यात कधी पाहिलीही नव्हती. एवढे मरूनही एवढे रंग उरले होते. मग तिने अर्जदाराच्या टाक्यांची मांडली. पांढरे, पांढरे, काळे, पांढरे, एखादे करडे, पुन्हा पांढरे. अर्जदाराची पत्नी ओट्याशी उभी होती. ती मान वळवून म्हणाली, "वन्सं, ही तर सगळी एकाच सदऱ्याची दिसतात." बहीण म्हणाली, "वहिनी, अगदी तेच लिहिलंय मी, फक्त चार पानांत."

कारणही तिने सांगितले. टाकीत कोमट पाणी सोडले की आईबाप म्हणून ठेवलेले शिंपले अंडी व वीर्य सोडतात. अर्जदाराचा समज असा की, टोपलीभर शिंपले ठेवले म्हणजे टोपलीभर घराण्यांची पिल्ले. प्रत्यक्षात चार-दोन उतावळे आधीच सारे सोडून रिकामे होतात, टाकी त्यांच्याच बीजाने भरते, आणि बाकीचे सावकाश तयार होईतो केंद्रात पाणी बदलण्याची वेळ येते. शिवाय झपाट्याने वाढलेले शिंपले पुढील हंगामासाठी राखायचे, ही या धंद्यातील सर्वमान्य रीत. अशाने दरवर्षी तेच घराणे निवडले जाते. आता खाडीत वाचलेले थोडे, आणि त्यांच्यात ही लाखो भावंडे सोडली, तर दोन-तीन पिढ्यांत खाडीभर तीच. पुन्हा पाणी तापले, वा रोग आला, तर एकाला जे झेपणार नाही ते कोणालाच झेपणार नाही.

अर्जदाराने हे ऐकले आणि त्याचा पारा चढला. तो बहिणीला काय बोलला ते अर्जात लिहिण्याजोगे नाही. थोडक्यात, आदेश हाती आल्यावरच हिला ही अवदसा आठवली, असा आशय होता. तिने एक एक बटण उचलून डब्यात टाकले, झाकण लावले आणि निघून गेली. नंतर बरेच दिवस दोन्ही घरांत बोलणे नव्हते. मात्र तिने परवानगी घेऊन पूर्वेच्या खाडीतील थोडे शिंपले जाळीच्या पेटीत घालून अर्जदाराच्या तिसऱ्या टाकीच्या कोपऱ्यात ठेवले होते, ते न्यायचे तसेच राहिले. अर्जदारानेही रागाच्या भरात ती पेटी हलवली नाही. नजर गेली की मान फिरवायचा, इतकेच.

पुढे जे घडले त्याचा दिवस अर्जदाराच्या लक्षात आहे, कारण त्या दुपारी तो दाढ काढायला गेला होता. गाल सुजवून, तोंडात कापूस धरून परतला तर केंद्रात शांतता. केंद्रात शांतता म्हणजे पंप बंद. कधी बंद पडला कोणास ठाऊक; बाकीच्या टाक्या सावलीत होत्या, पण पत्र्याच्या छपराखालच्या तिसऱ्या टाकीचे पाणी आंघोळीच्या पाण्यासारखे तापले होते. तिच्यात अर्जदाराचे अंगठ्याएवढे झालेले शिंपले सरसकट तोंडे उघडून पडले होते. बोट लावले तरी एकही मिटेना. अर्जदार हाताने उपसत राहिला, तोंडातून रक्त गळत होते तेही त्याला कळले नाही. आणि कोपऱ्यातल्या पेटीशी हात गेला तेव्हा आतून टक् असा कवच मिटल्याचा आवाज झाला. मग आणखी एक. त्या पेटीतलेही बरेच मेले होते, परंतु सगळे नव्हे. त्याच पाण्यात, त्याच उन्हात, काहींत कवच मिटण्याइतका जीव उरला होता.

अर्जदार तसाच ओल्या कपड्यांनिशी बहिणीच्या दारात गेला. गाल सुजलेला, त्यामुळे धड बोलता येईना. तिने आधी त्याला बसवले, पाणी दिले, आणि सारे ऐकून घेतल्यावर म्हणाली, "दादा, एका टाकीवरून शास्त्र होत नाही. योगायोगही असेल. तुझे शिंपले लहान होते, ते मोठे." म्हणजे अर्जदार तिची बाजू घ्यायला गेला आणि तीच त्याच्या बाजूने बोलू लागली. त्यानंतर तिने संस्थेतील पात्रांत एकाच वयाचे दोन्हीकडचे शिंपले ठेवून, पाणी बेताबेताने तापवून पुन्हा पुन्हा पाहिले. फरक प्रत्येक वेळी तितकाच मोठा निघाला नाही, हे तिने अहवालात स्पष्ट लिहिले आहे. पण निघाला तो दर वेळी खाडीच्याच शिंपल्यांच्या बाजूने निघाला.

तेव्हापासून अर्जदाराच्या जिवाला स्वस्थता नाही. जेवताना उठतो, टाक्यांपाशी जाऊन उभा राहतो, परत येतो, ताट निवलेले असते. बीज वाढते आहे, निरोगी आहे, डोळ्यांना दिसते आहे, आणि ते जसजसे वाढते तसतसा ते खाडीत सोडण्याचा दिवस जवळ येतो. पत्नी म्हणते, "अहो, बसा ना कुठेतरी एका जागी." एक जागा सापडत नाही.

अर्जदाराने पहिला अर्ज केला. त्यास उत्तर आले की, पुरवलेल्या बीजाबाबत तक्रार करण्याचा अधिकार लाभार्थींस आहे, पुरवठादारास नाही. उत्तर नियमास धरून होते. म्हणून अर्जदार लाभार्थी शोधायला पूर्वेच्या खाडीवर गेला. तेथे शिंपले वेचणाऱ्या बायकांत ज्यांना लहानथोर सगळे आत्या म्हणतात, त्या बाईंना त्याने सारे समजावले. त्यांनी ते गुडघाभर चिखलात उभ्या राहून ऐकले आणि म्हणाल्या, "तुझ्या बहिणीच्या बटणांनी माझी टोपली भरणार का? दोन वर्षं हात हलवत घरी जातेय. आज टाक काय टाकायचं ते, पुढचं पुढे बघू." महोदय, आत्यांचे म्हणणे खोटे नाही. योजना लांबली तर आत्यांची टोपली आणखी एक हंगाम रिकामी राहील, हे सत्य अर्जदार या अर्जात दडवू इच्छित नाही. त्याने एवढेच सांगितले की, आज टाकलेले टोपलीत येईलही, पण पुन्हा तसा उन्हाळा आला तर मागे वाचलेले जे थोडे आहेत तसेही कोणी उरणार नाहीत. आत्यांनी चिखलाचे हात पाण्यात धुतले. मग म्हणाल्या, "सही करते. पण हे निस्तरलं नाहीस तर तुझ्या दारात येऊन बसेन, आणि जेवल्याशिवाय उठणार नाही."

त्यांच्या सहीचा अर्ज दुसरा. त्यास उत्तर आले की, अर्जदार महिलेस अद्याप बीज प्राप्त झालेले नसल्याने त्या लाभार्थी ठरत नाहीत. बीज खाडीत सोडल्यानंतर तक्रार करावी. महोदय, खाडीत सोडलेले बीज परत गोळा कसे करावे याची कार्यपद्धती कृपया कळवावी, अशी विनंती करणारा तिसरा अर्ज होता. त्याचे उत्तर आलेले नाही. त्याऐवजी आपले तांत्रिक सहायक केंद्रावर आले. त्यांनी बीज चाळणीतून काढले, आकार एकसारखा पाहून खूश झाले, रोग नाही असा शेरा दिला आणि अर्जदाराचे नाव उत्कृष्ट पुरवठादार म्हणून सुचवणार असल्याचे सांगून हात मिळवला. एकाच घरातली भावंडे एकसारखीच दिसणार, असे अर्जदार म्हणाला. त्यावर ते म्हणाले, "तुमचा विनयच तुमचं नुकसान करतो." ते सज्जन गृहस्थ आहेत, त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. त्यांना दिलेल्या तपासणीच्या छापील नमुन्यात आकार, संख्या व रोग असे रकाने आहेत, कुळाचा रकाना नाही.

मग हे बीज नष्टच का केले नाही, असा प्रश्न साहेबांच्या मनात येईल. पत्नीनेही तो विचारला होता. अर्जदार एके दिवशी मोरीच्या झडपेवर हात ठेवून उभाही राहिला. परंतु आदेशात कलम आहे की, अर्जदाराकडून पुरवठा न झाल्यास तो टेकडीपलीकडील केंद्राकडून घ्यावा. ते केंद्र चालवणारे गृहस्थ पूर्वी अर्जदाराचे भागीदार होते आणि वेगळे होताना येथूनच आईबाप शिंपल्यांच्या टोपल्या घेऊन गेले. बहिणीने त्यांच्या संमतीने तेथील खुणाही तपासल्या. पुन्हा पांढरी, काळी, एखादे करडे. म्हणजे अर्जदाराने आपले सगळे बीज मोरीत सोडले तरी खाडीत पडणार ते त्याचीच चुलत भावंडे. अर्जदाराने झडपेवरचा हात काढला तो यासाठी.

दरम्यान त्याने दुसरी खटपट आरंभली. आत्या व इतर बायकांनी वाचलेले शिंपले निरनिराळ्या ठिकाणांहून आणून दिले. बहिणीने प्रत्येकाच्या खुणा पाहिल्या आणि एकाच घराण्यातले एकत्र येणार नाहीत अशा बेताने ते वेगवेगळ्या घमेल्यांत ठेवायला लावले, म्हणजे कोणा उतावळ्याने सारी टाकी बळकावू नये. आणि मग काहीच होईना. कोमट पाणी झाले, गार झाले, पुन्हा कोमट झाले, शिंपले ढिम्म. बहीण व भाऊ घमेल्यांभोवती घिरट्या घालत होते. ती म्हणाली, "यांना सवय नाही रे आपली. घाई करू नकोस." अर्जदार म्हणाला, "घाई मी करत नाही, ऑफिस करतंय." पुढे एका सकाळी एका घमेल्यात पाणी जरासे गढूळ दिसले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यात. कोणी आज, कोणी आठवड्याने, ज्याच्या त्याच्या मर्जीने. त्यातून निघालेले बीज आता जेमतेम दिसू लागले आहे. ते थोडे आहे, आणि चार खाड्यांपैकी एकीलाही या हंगामात पुरणार नाही.

आता आजचे. सकाळी कार्यालयाचा ट्रक आला. अर्जदाराने फाटक उघडले, ट्रकचालकाला आत घेतले, बीज दाखवले आणि ते देणार नाही असे सांगितले. चालक शांतपणे म्हणाले, "माझं काही नाही. माल द्या, नाहीतर दिला नाही म्हणून लिहून द्या." अर्जदाराने लिहून सही केली. हात टाकीच्या पाण्याने ओला होता, त्यामुळे सही नेहमीसारखी आलेली नाही; पण ती अर्जदाराचीच आहे व राजीखुशीची आहे. चालकांनी कार्यालयात फोन लावला. तिकडून सांगण्यात आले की, तसेच परस्पर टेकडीपलीकडे जावे आणि तेथून बीज भरून संध्याकाळच्या भरतीला पूर्वेच्या खाडीत सोडावे.

हे ऐकून अर्जदाराने बहिणीला निरोप धाडला. तो पंपाशेजारच्या बाकावर बसला आणि तेथेच हा अर्ज लिहू लागला. लिहिताना चारदा उठला, पाचव्यांदा बहिणीने खांद्यावर हात ठेवून बसवले. ती कामावर रजा टाकून धावत आली होती. अर्ज होईपर्यंत तिने चालकांना घमेली दाखवली, भिंगातून ते राईएवढे शिंपले दाखवले. बटणे या खेपेस अर्जदाराच्या पत्नीने मांडली. चालकांनी पांढऱ्या बटणांची रांग पाहिली, रंगीत बटणांच्या दुसऱ्या रांगेकडे पाहिले, आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "खाडीत एकदा पडलं की मग?" बहीण म्हणाली, "मग काही नाही." ते जेवले, हात धुतले आणि पुन्हा एकदा घमेल्यांकडे गेले.

तरी साहेबांना नम्र विनंती की, आदेश मोडल्याबद्दल अर्जदारावर नियमाप्रमाणे जी कारवाई व्हायची ती व्हावी. केंद्राचे नाव यादीतून वगळले तरी अर्जदार हरकत घेणार नाही. फक्त टेकडीपलीकडून बीज उचलू नये. ज्या खाडीचे शिंपले, त्याच खाडीचे बीज, आणि सोडण्यापूर्वी त्याच्या खुणांची तपासणी, एवढे ठरवून द्यावे. थोडे थोडे का होईना, अर्जदार ते करून देईल. आत्या व त्यांच्यासारख्या बायकांना हा हंगाम कसा काढता येईल याचा विचार मात्र कार्यालयाने करावा. तो अर्जदाराच्या कुवतीबाहेरचा आहे, आणि हीच गोष्ट त्याला सर्वांत जास्त खाते.

हा अर्ज ट्रकचालक स्वतः घेऊन येत आहेत. त्यांना परस्पर टेकडीकडे जाण्याचा हुकूम असूनही ते कार्यालयावरून वळसा घेत आहेत. याबद्दल त्यांना बोल लावू नये. विनंती अर्जदाराने केली. ट्रक या क्षणी रिकामा आपल्या खिडकीखाली उभा असेल. आपण हा अर्ज शेवटपर्यंत वाचून खाली काही सांगून पाठवीपर्यंत इंजिन सुरू करणार नाही, असे चालकांनी कबूल केले आहे.

आपल्या निरोपाची फाटकात उभा राहून वाट पाहणारा,

(सही)
चालक, शिंपले बीजकेंद्र,
बंदराचे दक्षिण टोक.
दि. ११ मे

सोबत :
१) धाकट्या बहिणीचा अहवाल, संस्थेच्या शिक्क्यासह.
२) बीज दिले नाही, अशी अर्जदाराची लेखी कबुली.
३) ओल्या फडक्यात, पूर्वेच्या खाडीचा एक शिंपला. जिवंत आहे. कृपया टेबलावर उन्हात ठेवू नये.